पुरावा म्हणून संबळ

पुरावा म्हणून तो माणूस संबळ घेऊन आला होता.

जिल्हा परिषदेच्या दुसऱ्या मजल्यावर, छोट्या सभागृहात आमची बैठक चालली होती. वृद्ध साहित्यिक आणि कलावंतांना राज्य शासन दरमहा मानधन देतं, त्यासाठी जिल्ह्यातून नावं निवडणारी ही समिती. मी तिची अशासकीय अध्यक्ष. नेमणुकीचं पत्र हातात पडून दीड महिना झाला होता, खुर्चीची अजून सवय नव्हती. सदस्य सचिव एकेका फाइलीतल्या त्रुटी वाचून दाखवत होते आणि आम्ही 'पात्र', 'अपात्र', 'त्रुटीपूर्तता' यांपैकी एक शेरा मारून पुढे सरकत होतो. बाहेर व्हरांड्यात अर्जदार बसले होते. त्यांना कोणी बोलावलेलं नसतं. बैठक आहे एवढं कानावर आलं की एसटीने येतात आणि भिंतीला टेकून संध्याकाळपर्यंत बसून राहतात.

एका फाइलीवर 'कलेचा पुरावा जोडलेला नाही' असं लिहिलेलं होतं. अर्जदार बाहेरच आहे म्हणून शिपायाने त्यांना आत आणलं. सत्तरी ओलांडलेला माणूस. धोतर, धुऊन धुऊन विरलेला पांढरा सदरा, कपाळावर मळवट, गळ्यात कवड्यांची माळ. काखेत जुन्या लुगड्याच्या धडप्यात बांधलेलं गाठोडं.

"मामा, पुरावा काही आणलाय का?" मी विचारलं.

त्यांनी गाठोडं टेबलावर, फायलींच्या शेजारी ठेवलं आणि गाठ सोडली. आत संबळ. दोन तोंडांची ती जोडी, तिच्या दोऱ्या तेलाने काळ्या झालेल्या. कमरेला जिथे टेकते तिथला भाग घासून चकचकीत झालेला, आणि चामड्यावर, टिपरू जिथे पडतं तिथे रुपयाएवढा गुळगुळीत डाग. बाकदार टिपरूची मूठ तर त्यांच्या बोटांच्या मापाने झिजलेली होती. "पुरावा म्हनलं की ह्योच," ते म्हणाले. "दुसरं काय आणू, बाई?" आणि मग, सहज, घरात बसल्यासारखं विचारलं, "वाजवू का?"

शेजारच्या दालनात कुठल्याशा योजनेचा आढावा चालू होता. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले, "नको मामा, इथं नको."

ते काही बोलले नाहीत. ज्या क्रमाने धडपा उलगडला होता त्याच्या उलट क्रमाने त्यांनी तो पुन्हा गुंडाळला, गाठ मारली, रामराम केला आणि गेले. फाइलीवर 'त्रुटीपूर्तता करावी' असा शेरा पडला. त्याखाली सही माझी.

मी एकतीस वर्षं महाविद्यालयात मराठी शिकवलं. लोकसाहित्याचा पेपर माझ्याकडे असायचा. गोंधळ, भारूड, वासुदेव, वाघ्या-मुरळी. फळ्यावर मी कितीतरी वेळा लिहिलं असेल, 'वाद्ये : संबळ, तुणतुणे'. मुलं वहीत उतरवून घ्यायची. आणि संबळ स्वतःच्या पायाने माझ्या टेबलापर्यंत आला तेव्हा मी त्याला गप्प बसवलं. त्या रात्री मला झोप लागली नाही. पुढची तीन वर्षं समितीत मी जे काही केलं, बरं किंवा अपुरं, ते त्या एका 'नको'ची भरपाई करण्यासाठी केलं.

योजना जुनी आहे, १९५४-५५ पासूनची. म्हणजे महाराष्ट्र राज्य व्हायच्याही आधीची. माझ्या वेळी तिच्यात तीन श्रेणी होत्या. राष्ट्रीय पातळीवरचा कलावंत 'अ', त्याला महिना ३१५० रुपये. राज्य पातळीवरचा 'ब', २७०० रुपये. स्थानिक पातळीवरचा 'क', २२५०. वय, उत्पन्न आणि रहिवास यांचे दाखले, आधार, बँकेचं पासबुक आणि कलेचे पुरावे. हे पुरावे म्हणजे वर्तमानपत्रांची कात्रणं, प्रमाणपत्रं, आकाशवाणीचं पत्र, कार्यक्रमाची छापील पत्रिका, फोटो. अर्ज पंचायत समितीतून समाजकल्याणकडे यायचे, तिथून आमच्यासमोर, आणि आमची यादी वर मुंबईला. इष्टांक, म्हणजे किती नावं घ्यायची तो आकडा, ठरलेला. अर्ज त्याच्या कितीतरी पट.

ही यादी कोणी वाईट हेतूने केलेली नाही. सरकारी पैसा आहे, तो कुणालाही कसा द्यायचा? पण एकदा शांतपणे वाचली की कळतं, ती ज्यांच्या कलेभोवती कागद जमा होतो त्यांच्यासाठी आहे. कवीचा संग्रह छापलेला असतो. नटाचं नाव पत्रिकेत असतं. संगीत शिक्षकाकडे परीक्षांची प्रमाणपत्रं असतात. गोंधळ्याच्या गोंधळाची पत्रिका कोण छापणार? लग्नपत्रिकेत तळाशी 'रात्री गोंधळाचा कार्यक्रम' अशी एक ओळ असते, गोंधळ्याचं नाव त्यातही नसतं. आराधी बाईच्या गाण्याचं कात्रण कुठून आणायचं? वासुदेव पहाटे येतो, उजाडायच्या आत पुढच्या गावाच्या वाटेला लागलेला असतो.

माझ्या आजोळी खळ्यावर मी लहानपणी पाहिलंय ते आठवतं. ज्वारीची रास पडली की घरी न्यायच्या आधी तिथेच वाटे निघायचे. सुताराचा, लोहाराचा, न्हाव्याचा. आणि ते बलुतेदार झाले की मग गोंधळी यायचा, वासुदेव यायचा, पोतराज यायचा. आजोबा सूप भरून द्यायचे, कुणाला पसा-दोन पसे. मागणारा हक्काने मागायचा. वासुदेव 'दान पावलं' म्हणत देवांची नावं घ्यायचा, आणि ते ऐकताना आपण काही दिलं असं कुणाला वाटायचं नाही, देवाचं देवाला पोचलं असंच वाटायचं. त्या व्यवस्थेचं मी गुणगान करत नाही. जात तिच्या मुळाशी होती. कुणी कुठे उभं राहायचं, कुणाच्या हातात काय पडायचं हे जन्माने ठरलेलं होतं, आणि ती मोडली ते योग्यच झालं. पण कलावंताला गावाने पोसायचं ही गोष्ट त्या खळ्यात होती, आणि तिथे पुरावा मागायची वेळ येत नव्हती, कारण देणाऱ्याने वर्षभर ऐकलेलं असायचं.

मग आमच्या भागात सोयाबीन आलं. नव्वदच्या दशकापासून ज्वारीची शेतं हळूहळू त्याच्याखाली गेली. पैशाचं पीक, शेतकऱ्याला दोन रुपये दिसले, त्याला दोष कसा द्यायचा? पण सोयाबीन सुपात घालून दारातल्या वासुदेवाला देता येत नाही. त्याची भाकरी होत नाही. मळणीयंत्रातून ते थेट पोत्यात जातं, पोतं थेट आडतीवर. खळंच राहिलं नाही. कलावंतांच्या हलाखीवर पुष्कळ लिहिलं जातं, टीव्ही आला, मोबाइल आला, लोकांची आवड बदलली. ते खरंच आहे. पण आमच्याकडच्या एका म्हाताऱ्या वासुदेवाने मला सांगितलेलं कारण मला जास्त पटतं. तो म्हणाला, "बाई, लोकं ऐकत्यात की अजून. घालायला काय न्हाई त्यांच्यापाशी. इस रुपयाची नोट देत्यात आन् तीबी लाजत लाजत."

तेव्हा खळ्याची जागा आता शासनाने घ्यायची आहे, आणि खळ्यावरच्या सुपाची जागा आमच्या समितीने, असं मी स्वतःला सांगत असे. सध्या योजनेला राजर्षी शाहू महाराजांचं नाव आहे. महाराजांनी गायक अल्लादियाखाँसाहेबांना कोल्हापूरच्या दरबारात आश्रय दिला, पॅलेस थिएटर उभारलं, जे आज केशवराव भोसल्यांच्या नावाने ओळखलं जातं. त्या राजाला कान होता आणि तो स्वतः ऐकायचा. तरी मला समितीच बरी वाटते. राजाच्या कानापर्यंत जो पोचला नाही त्याचं काय, हा प्रश्न कोणत्याही दरबारात उरतोच. समितीत कुणाच्या मर्जीचा प्रश्न नाही, गावकुसाबाहेरच्या माणसालाही अर्ज करता येतो. फक्त त्या समितीला कान हवेत. कागद वाचणाऱ्या डोळ्यांची कमतरता आपल्याकडे कधीच नव्हती.

मी सुचवलं की आपण ऐकायला जाऊया. प्रत्येक तालुक्याच्या ठिकाणी, पंचायत समितीच्या सभागृहात, शनिवारी. दहा-दहा मिनिटं प्रत्येकाला. नियमात असं कुठेच म्हटलेलं नव्हतं. मनाई आहे असंही म्हटलेलं नव्हतं. सदस्यांपैकी दोघे नाराज होते. आम्हाला प्रवासभत्ता कोण देणार, आणि म्हाताऱ्या माणसांची परीक्षा घ्यायची का, हा त्यांचा मुद्दा. दुसरा मुद्दा मला लागला, कारण तो खरा होता. सदस्य सचिव मात्र म्हणाले, "मॅडम, इतिवृत्तात लिहितो, समितीने खातरजमा करण्यासाठी समक्ष भेटी दिल्या." त्या एका वाक्यावर आमच्या फेऱ्या सुरू झाल्या.

ऐकण्यातही फसगत होते हे पहिल्याच शनिवारी कळलं. एक शाहीर आले, त्यांना अर्धांगाचा झटका येऊन गेलेला. तोंडातून शब्द नीट निघत नव्हता. डफ मुलाने धरला, त्यांनी डाव्या हाताने चार थापा मारल्या आणि डोळ्यांतून पाणी काढलं. काय ऐकणार आम्ही? त्यांचं ऐन उमेदीतलं गाणं ज्यांनी ऐकलं ती माणसं गावात होती, सभागृहात नव्हती. दुसरे एक आले किल्लारी पट्ट्यातले. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंपात घर पडलं, त्यात बापाचं तुणतुणं, फोटो, आकाशवाणीचं पत्र, सगळं गेलं. बायको आणि एक मुलगी गेली. "कागुद मागत्यात," ते म्हणाले, "माणसंच सापडली न्हाईत तर कागुद कुठनं सापडावा." आमच्यापैकी कुणालाही पुढचा प्रश्न विचारवला नाही.

तेव्हा मला पंचनाम्याची गोष्ट सुचली. अतिवृष्टीने पीक गेलं की तलाठी, ग्रामसेवक, कृषी सहायक बांधावर जातात आणि गावातल्या पंचांच्या सह्यांनी पंचनामा होतो. त्यावर सरकार भरपाई देतं. बांधाच्या भांडणात पंचांचा शब्द चालतो. मग गाण्याच्या बाबतीत का चालू नये? गोंधळ तर घराघरात होतो. लग्न झालं की नव्या जोडप्याच्या घरी गोंधळ घालायचा हा कुळाचार. चौक मांडतात, धान्याच्या राशीवर कलश ठेवतात, दिवटी पेटते, तुळजापूरच्या भवानीला, माहूरच्या रेणुकेला, जेजुरीच्या खंडोबाला गोंधळाला या म्हणून नावं घेऊन बोलावतात आणि पहाटेपर्यंत आख्यान चालतं. अख्खं गाव साक्षीला असतं. गोंधळ्याच्या पुराव्याची फाइल गावातल्या प्रत्येक घरात ठेवलेली आहे, आपण ती उघडायला गेलो नाही एवढंच.

आम्ही एक साधा नमुना केला. वेगवेगळ्या गावांतल्या तीन कुटुंबांनी लिहून द्यायचं, आमच्या घरी अमुक लग्नात, अमुक साली, यांनी गोंधळ घातला, भारूड केलं, भजन केलं. खाली सही किंवा अंगठा. ही गोष्ट कळल्यावर माझे ते संबळवाले मामा पुन्हा आले. या वेळी संबळ नव्हता. एक यादी होती, नातीच्या हातची, शाळेच्या वहीच्या रेघांवर लिहिलेली. तीन नव्हे, एकसष्ट लग्नं. साल बऱ्याच ठिकाणी आकड्यात नव्हतंच. 'बहात्तरच्या दुष्काळात, सुकडी होती तेव्हा.' 'भूकंपाच्या आदल्या साली.' 'पाटलांच्या थोरल्याचं, बैल बुजला ते.' मी ती यादी दोनदा वाचली. तीन तालुक्यांचा पन्नास वर्षांचा इतिहास होता तो, आणि त्यात कुठेही मामांचं स्वतःचं नाव नव्हतं.

मामांना मानधन मंजूर झालं. श्रेणी 'क'.

श्रेणी ठरवताना माझा जीव नेहमी खालीवर व्हायचा. कला किती लांबपर्यंत गेली यावरून श्रेणी. दिल्लीच्या एका महोत्सवात एकदा कुणाच्या मागे टाळ धरून उभा राहिलेला माणूस 'अ' मागायचा, प्रमाणपत्र दाखवायचा, आणि नियमाने ते नाकारता यायचं नाही. मामा आपल्या तीन तालुक्यांच्या बाहेर कधी गेले नव्हते. जायचं कारणच नव्हतं, त्यांची यजमान घरं तिथेच होती. पण त्या तीन तालुक्यांत ज्यांच्यासाठी त्यांनी देवीला बोलावलं त्यांच्या तीन पिढ्या झाल्या होत्या. ही खोली मोजायला रकाना नव्हता. मी इतिवृत्तात वेगळा अभिप्राय लिहिला, शिफारस केली. पुढे काय झालं ते मला कधी कळवलं गेलं नाही.

शिफारशीचे फोन, 'आपला माणूस आहे, बघा जरा' वगैरे, यावर फार लिहावंसं वाटत नाही. ते येतात, आले. एक लक्षात आलं की आम्ही समक्ष ऐकायला लागल्यावर ते कमी झाले. चार माणसांसमोर गाऊन दाखवायचं म्हटलं की पुष्कळ अर्ज आपोआप गळतात.

पण एका फाइलीबद्दल सांगायलाच हवं. भजनी गायकाची होती. चार वेगवेगळ्या मंडळांची चार प्रमाणपत्रं, चकचकीत, रंगीत. माझी मराठीच्या मास्तरणीची नजर गेली आणि चारही ठिकाणी 'सांस्कृतिक' मधला 'ति' दीर्घ दिसला. चारही प्रमाणपत्रांच्या कोपऱ्यात तीच वेलबुट्टी. एकाच दुकानात, एकाच दिवशी छापलेली. खोटे कागद जोडले तर अर्ज बाद, हे सरळ होतं. मी बाद असं लिहायला पेन उचललं आणि मग वाटलं, माणूस तर पाहू. ते आले. एकतारी घेऊन बसले आणि ज्या आवाजात त्यांनी पहिला अभंग उचलला त्या आवाजाला मी आजही विसरलेले नाही. चाळीस वर्षं दर एकादशीला गाणारा माणूस होता. एका एजंटाने त्यांना सांगितलं होतं, नुसतं खरं असून भागत नाही, कागद लागतो, दोन हजार रुपये आण. दोन हजार त्यांनी उसने काढले होते.

समितीत त्या दिवशी मोठा वाद झाला. एक सदस्य म्हणाले, आज याला सूट दिली तर उद्या प्रत्येक जण हेच सांगेल. बरोबर होतं त्यांचं. मी म्हणाले, याला खोटं बोलायला आपण शिकवलंय. आपण जे मागितलं ते याच्याकडे नव्हतं, आणि याच्याकडे होतं ते आपण मागितलं नाही. शेवटी चारही प्रमाणपत्रं फाइलीतून काढून, तसं नोंदवून, त्यांच्याकडून घरांच्या साक्षी मागवल्या आणि त्यांचा अर्ज पुढच्या वर्षीच्या यादीत घेतला. एक वर्ष त्यांचं गेलं. मला हा निर्णय आजही पूर्ण बरोबर वाटत नाही, पण याहून बरा सुचला नाही.

आणि एका ठिकाणी साक्षीचा उपायही थिटा पडला.

दुसऱ्या वर्षीच्या फेरीत सगळे अर्जदार गेल्यावर एक बाई आत आल्या. साठीच्या आसपासच्या, डोक्यावरून पदर, हातात कापडी पिशवी. सगळ्यात शेवटी आल्या होत्या, मुद्दाम. मला म्हणाल्या, "बाई, तुमच्याशी एकलीशी बोलायचंय." बाकीचे चहाला गेले. त्यांनी पिशवीतून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला एकच फोटो काढला. फडाच्या ट्रकसमोर सहा बाया उभ्या, नऊवारीत, पायांत चाळ. ट्रकवर फडाचं नाव. डावीकडून तिसरी या. अठरा वर्षं फडात होत्या.

"गवळणीत कोण असायचात?" मी विचारलं.

"म्होरं राधाच," त्या म्हणाल्या, आणि हे म्हणताना त्यांची पाठ ताठ झाली, मान किंचित वळली. एवढंच. पण मला सगळं दिसलं.

मग त्यांनी फोटो उलटा टेबलावर ठेवला आणि विचारलं, "ह्यो फायलीत लावला तर कुटं कुटं जातुया?" मी खरं ते सांगितलं. पंचायत समितीत, मग जिल्हा परिषदेत. ग्रामपंचायतीचा दाखला लागतो. निवड झालेल्यांची यादी फळ्यावर लागते. त्या ऐकत राहिल्या. गावात कुणालाच ठाऊक नव्हतं. ती अठरा वर्षं ऊसतोडीला होते असं त्यांनी सांगून ठेवलेलं. मुलाचं लग्न झालं, नाती शाळेत जातात, सोयरे मोठे आहेत. कलेचा पुरावा त्यांच्याकडे होता, अस्सल होता. पण तो दाखवला की ज्या घरात म्हातारपण काढायचं त्या घरातलीच जागा जाईल ही भीती.

"मग ऱ्हाऊ द्या," म्हणाल्या. फोटो पुन्हा प्लॅस्टिकमध्ये गुंडाळला.

मी त्यांना थांबवलं. फडमालकाचा दाखला चालेल का बघते, यादीत फक्त 'लोककलावंत' लिहिता येईल का विचारते, असं म्हणाले. विचारलंही. फडमालकाच्या पत्राला हरकत नव्हती, रहिवासाच्या आणि उत्पन्नाच्या कागदांसाठी मात्र गावातूनच जावं लागणार होतं. त्या पुन्हा आल्या नाहीत. मी त्यांच्या गावी गेले नाही. माझं जाणं हीच गावात बातमी झाली असती.

तमाशा गाजवलेल्या नारायणगावच्या विठाबाईंना राष्ट्रपतींच्या हस्ते सन्मान मिळाला होता. त्या २००२ मध्ये गेल्या, आणि त्यांचे अखेरचे दिवस हलाखीचे होते हे महाराष्ट्राला माहीत आहे. आज राज्य शासन तमाशातल्या ज्येष्ठ कलावंताला त्यांच्या नावाने जीवनगौरव पुरस्कार देतं. मला त्याचं समाधान वाटतं, मनापासून वाटतं. पण तो पुरस्कार जाहीर झाला की मला दरवर्षी त्या उलट्या ठेवलेल्या फोटोची आठवण येते. तमाशाला सरकारी पैसा देणं सोपं आहे. तमाशात नाचलेली बाई आपल्या गावात ताठ मानेने तसं सांगू शकेल, हे कोणत्याही समितीच्या ठरावाने होत नाही, आणि ते होत नाही तोवर आमचा पैसा तिच्या दारापर्यंत पोचत नाही.

२०२४ मध्ये श्रेणी गेल्या. सरसकट सगळ्यांना महिना ५००० रुपये झाले. वर्तमानपत्रात ते वाचलं तेव्हा माझी मुदत संपलेली होती. मी एकटीच घरात मोठ्याने 'वा' म्हणाले. अ, ब, क लिहिताना जी कुचंबणा व्हायची ती आता माझ्या जागी बसणाऱ्या कुणाला होणार नाही. अर्ज आता ऑनलाइन झालेत. त्याने मधले एजंट कमी होतील की वाढतील हे गावातल्या सेवा केंद्रात कोण बसलंय त्यावर ठरेल. पुराव्याचा रकाना अजून आहे. आमचा तो घरांच्या साक्षीचा नमुना मी नव्या सदस्यांना देऊन आले होते.

मामांकडे मी एकदा गेले होते, मंजुरीनंतर. बैठकीत जे नको म्हटलं ते ऐकायचं होतं मला. त्यांनी ओसरीवर संबळ बांधला, आवाहन केलं, आख्यान लावलं. आवाज थकलेला, हात मात्र तसाच. मध्ये एका ठिकाणी ते अडले. डोळे मिटून थांबले. संबळ चालू होता, शब्द येत नव्हता. आतून, चुलीपाशी बसलेल्या त्यांच्या बायकोने, न वळता, पुढची ओळ दिली. मामांनी ती उचलली आणि पुढे गेले. असं तीनदा झालं. तिन्ही वेळा आतून ओळ बरोबर आली. मी नंतर विचारलं तेव्हा आजी म्हणाल्या, "रातभर दिवट्याला तेल कोण घालायचं? ऐकू येतंच की."

माझ्या मुदतीच्या शेवटच्या हिवाळ्यात मामा गेले. नियमाप्रमाणे कलावंतामागे त्याच्या जोडीदाराला मानधन चालू राहतं. मृत्यूचा दाखला, हयातीचा दाखला, पासबुक घेऊन आजी जिल्हा परिषदेत आल्या, नातीला सोबत घेऊन. योगायोगाने मी तिथेच होते. कारकुनाने फॉर्म पुढे ओढला. 'मयत कलावंताशी नाते', तिथे त्याने 'पत्नी' लिहिलं. 'कलाप्रकार' या रकान्यापुढे काय लिहावं ते त्याला कळेना. तो तुमच्यासाठी नाही, असं म्हणून त्याने तिथे आडवी रेघ ओढली.

आजींनी अंगठा लावला. शाई पुसायला त्याने कापसाचा बोळा दिला. मी त्यांच्या शेजारी बाकावर बसले आणि विचारलं, "आजी, मामा जिथं अडायचे ती ओळ कोणती?"

त्यांनी एकदा सभागृहाच्या बंद दाराकडे पाहिलं, एकदा नातीकडे. मग बोळा मुठीत धरूनच, हलक्या आवाजात, त्यांनी ती ओळ म्हटली, आणि तिच्या पुढची, आणि त्याच्या पुढचीही. व्हरांड्यातली माणसं बोलायची थांबली. कारकून फॉर्मवर शिक्का मारायचा राहिला होता. मी त्यांना थांबवलं नाही.